घरचं माणूस

"कलेक्टर व्हशील?" दादाभाऊनं विचारलं.

"नाही, मामा."

"तहसीलदार?"

"नाही."

"मग दोन वर्षं बंगळूरला जाऊन व्हशील तरी काय?"

"सरकारच्या योजना कशा आखायच्या, त्या कुठं फसतात, ते शिकवतात तिथं. पुढं सरकारला सल्ला द्यायचं काम मिळतं."

"सल्ला!" दादाभाऊनं हिरड्याच्या सावलीत जेवायला बसलेल्या सगळ्यांकडं पाहिलं. "अगं, सल्ला तर आमच्या आळेफाट्याच्या ग्यारेजात लोकं फुकाट देऊन जात्यात."

सगळे हसले. मोहिनीही हसली, पण तिला ते हसू फार वेळ टिकवता आलं नाही. तिच्या पिशवीत दोन कागद होते. पहिला ग्रामसेविकेच्या नेमणुकीचा, एक जूनला हजर व्हा म्हणणारा. दुसरा बंगळूरचा, 'पब्लिक पॉलिसी'च्या पदवीसाठी निवड झाली म्हणणारा. तिथं फी माफ होती, राहण्याखाण्यापुरती शिष्यवृत्ती होती. पुढच्या नोकरीची हमी मात्र कुणी दिली नव्हती. येणार की नाही, ते आज पाचच्या आत कळवायचं होतं, आणि फोनला रेंज मिळायची ती खाली, धरणाजवळच्या डिंभ्याला.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये," दादाभाऊ म्हणाला. माणूस काही वाईट नव्हता. भाचीला चार शब्द सांगायला म्हणून गॅरेजातून सुट्टी काढून, दोन एसट्या बदलून तो डोंगरात आला होता आणि इस्त्रीच्या पँटीनिशी मातीत बसला होता. अशा माणसाचं बोलणं उडवून लावणं सोपं नसतं.

त्या दिवशी पडकई मोहिनीच्या आईच्या, लंकाबाईच्या वावरात होती. उन्हाळ्यात दहा घरांनी एकत्र यायचं, पाळीपाळीनं एकेकाच्या उतारावर दगडी बांध रचून माती अडवायची आणि भातासाठी खाचर करून द्यायचं, ही पडकई. मजुरी कुणाला नाही. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचं. ज्या घरचं माणूस येत नाही, त्याच्या वावरात पडकई जात नाही. लंकाबाईला नवरा नव्हता आणि तिची कंबर कामातून गेली होती. त्या घरचं माणूस म्हणजे मोहिनी. ग्रामसेविका होऊन जवळपास राहिली असती तर सुट्ट्या काढून तिनं दिवस भरले असते. बांध अजून निम्मासुद्धा झाला नव्हता. दोन उन्हाळे तरी लागणार होते.

लंकाबाईनं भाकरीचं टोपलं झाकलं. "सोमाजीभाऊ, आमच्या घराचं नाव काढा पडकईतनं. पोरीला जाऊ द्या."

जेवणारे हात थांबले. मोहिनी उठून उभी राहिली. "आये, वावर वाहून जाईल आपलं!"

"जाऊ दे."

पडकईचा कारभार सोमाजी बघायचा. त्यानं मान हलवली. "असं नाव काढता येत न्हाई, लंकाबाई. अन् नेम बी मोडता येत न्हाई. घरचं माणूस पायजे."

"त्येच तर म्हणतोय मी!" दादाभाऊ उसळला. "पोरीनं फी धरली, खानावळ धरली. पर घरचं माणूस कुठनं आणायचं, ते हिच्या हिशोबात हायेच कुठं?"

म्हातारी ठमाबाई इतका वेळ दात कोरत बसली होती. "दादाभाऊ, पोरीच्या लग्नात मामा कुठं उभा ऱ्हातो रं?"

"पाठीशी. हे काय इचारणं झालं?"

"तवा त्यो घरचा असतो का पावणा?"

"घरचाच की," दादाभाऊ म्हणून गेला.

"मामा चालंल," सोमाजी म्हणाला.

"अवो राव, माझी नोकरी हाय! आळेफाटा काय हितं हाय व्हय?"

"उन्हाळ्यातले पंधरा-वीस दिवस तर हायेत. आज घावलीच की सुट्टी."

दादाभाऊनं बहिणीकडं पाहिलं. लंकाबाई खाली मान घालून भांडी गोळा करत होती. मग तो उठला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, शर्ट फांदीला अडकवला आणि बांधावर जाऊन उभा राहिला.

त्यानं रचलेला पहिला दगड सोमाजीनं पायानं ढकलून पाडला. "हा डुगडुगतोय. पावसात सगळ्यांच्या आधी जाईल." दुसराही पाडला. तिसऱ्यावर सोमाजी स्वतः चढून उभा राहिला. दगड हलला नाही, तसा खाली उतरला.

होकार कळवायला म्हणून तीनच्या एसटीसाठी निघताना मोहिनी पाण्याचा तांब्या घेऊन मामाकडं गेली. त्याच्या हातांना गॅरेजातल्या पान्याची सवय होती, दगडाची नव्हती. बोटांची सालटी निघाली होती. सकाळपासून आपल्याशी भांडणारा हा माणूस आपल्यावर किती माया करतो, हे तिला त्या बोटांकडं बघून कळलं आणि डोळे भरून आले.

"मामा, तुमचे लई उपकार..."

"हितं उपकार धरत न्हाईत. दिवस धरत्यात." तो घटाघटा पाणी प्यायला. "माझे दिवस फेडायचे तुला."

"फेडीन की. पण कुठं फेडू? तुमचं वावर तर धरणाच्या पाण्यात गेलं."

दादाभाऊनं तांब्या तिच्या हातात दिला आणि पुढचा दगड उचलला.

"ज्याचं वावर अजून हाय," तो म्हणाला, "त्याच्याकडं फेड."