राहिलेला ब्रेक

अगं, ऐक तर! आपल्या रेणुकाला कंपनी दरवर्षी चार दिवस ब्रेक देऊन घरी बसवते. सलग वर्ष भरलं तर परमनंट करावं लागेल ना! यंदा मात्र तिचा ब्रेक द्यायचाच राहिला. वर्ष भरायला आता आजची एकच पाळी उरलेली. ती जीव मुठीत धरून मशीनवर उभी.

जेवताना ऑफिसातली चारुता, ब्रेकची पत्रं काढणारी, शेजारी टेकली. "मीही तुझ्यासारखीच टेंपररी गं. साहेबांनी दम दिलाय, एकाचा जरी ब्रेक हुकला तरी मला काढणार."

चडफडतच रेणुकाने डबा बंद केला. "ऊठ बाई, आधी माझं पत्र काढ."

चारुता गळ्यात पडून रडली. आणि इतकी वर्षं मशीन चालवून सोमवारी रेणुका गेटवर पुन्हा नवी कामगार म्हणून उभी राहणार! सांग, तू काय केलं असतंस?