पानामागची लव

ऐक ना, आधी नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस.

वेनचिंग अंगणात लोकाटच्या फळांच्या पेट्या बांधत बसली होती, आतून सासऱ्यांचा खोकला चालू होता, थांबायचं नावच नाही, आणि नेमकी तेव्हाच नणंद दारात. गुईझेन. सूचौहून, पहिल्या बसने. हातातली पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही तिने.

"हा खोकला? फोनवर तर म्हणालीस उतार आहे."

"होता ताई. पहिले चार दिवस होता."

"काढा देतेस ना? आपल्याच झाडाचा?"

"रोज. दोन्ही वेळा."

अंगणातलं ते लोकाटचं झाड सासूबाईंनी लावलेलं, गुईझेन जन्मली त्या वर्षी. सासूबाई गेल्या, पण त्या घरातला प्रत्येक खोकला अजून त्याच्याच पानांनी बरा व्हायचा.

"लव नीट घासतेस ना गं?"

त्या पानाच्या पाठीला तांबूस लव असते. ती ब्रशने घासून घासून काढायची, पान गुळगुळीत लागेपर्यंत, मग पान मधात परतायचं, मग उकळायचं. लव राहिली तर ती घशात जाऊन बसते आणि होता त्याच्या दुप्पट खोकला. सासऱ्यांनी शेजारी बसून शिकवलं होतं तिला, सासूबाईंचा ब्रश हातात देऊन. चार दिवस तिने घासलीही. पण हंगाम ऐन भरात, दिवसाला साठ पेट्या, कुरिअरवाला दारात हॉर्न वाजवतोय. पाचव्या दिवसापासून पानं नुसती पाण्यातून काढली आणि काढा फडक्यातून गाळला. म्हटलं, फडकं अडवेल. नाही अडवलं. तिला कळत होतं गं. रोज रात्री म्हणायची, उद्यापासून घासते.

"घासते ना," ती म्हणाली.

"चोथा कुठे टाकलास? बघू."

झालं. काढ्याचा चोथा फाटकाबाहेर, वाटेवरच टाकायचा असतो. लोकांनी तुडवला की आजार त्यांच्या पायांबरोबर निघून जातो. सकाळीच तिने पातेलं तिथे उपडं केलं होतं. सहा पानं, लवेसकट, उघड्यावर.

गुईझेन फाटकाकडे गेली. वेनचिंगच्या बोटांना चिकटपट्टी चिकटली होती, ती तिला सोडवताही येईना.

गुईझेन परत आली. चोथ्याला तिने हात लावला नव्हता, कुणीच लावत नाही. हात लावणाऱ्याला आजार चिकटतो.

"पानं तर चकचकीत आहेत," ती म्हणाली. "मग वाढला कशाने?"

चकचकीत? वेनचिंगला काहीच कळेना.

तेवढ्यात सासरे काठी टेकत बाहेर आले. "सुनेची कसली उलटतपासणी घेतेस? ती वाटी भरून देते, मी संपवतो. झाडच थकलंय. पानांत काही राहिलं नाही. दिंगला सांगून आलोय सकाळी, करवत घेऊन ये म्हणून."

"बाबा, आईचं झाड आहे ते."

"आई राहिली का? मग झाडाने काय अमरपट्टा आणलाय?" पुढचं खोकल्यात गेलं. वाकून वाकून खोकले ते, झाडाच्याच खोडाला धरून. फांद्यांवर फळं लोंबत होती अजून.

गुईझेन पायरीवर बसली. रडली नाही, पिशवीचा बंद तेवढा बोटाला गुंडाळत राहिली.

फाटक वाजलं. शेजारचे दिंगकाका, खांद्यावर करवत, बाहेरूनच सासऱ्यांना म्हणाले, "शेन, खोकला तुला आणि शिक्षा झाडाला? उद्या पाय दुखला तर माझी खुर्ची तोडशील."

वेनचिंग फाटक उघडायला गेली. दिंगकाका आत आले, आणि तिची नजर वाटेवर गेली.

सकाळी तिने ढीग उपडा केला होता. आता सहाच्या सहा पानं सुटी होती, ओळीने मांडलेली, तुकतुकीत बाजू वर. शेजारच्या ओल्या मातीत काठीचं टोक रुतल्याची खूण, आणि एका म्हाताऱ्या हाताचा ठसा, उठताना टेकवलेला.

ती खाली बसली. एक पान हाताने उलटलं. सगळी लव जागच्या जागी होती.

मागे वळून पाहिलं तर सासरे तिच्याकडेच बघत होते.

"हात धू," ते म्हणाले, हळूच. "पेट्या राहिल्यात तुझ्या."

बस, एवढंच. रागाचा एक शब्द नाही.

दिंगकाकांनी करवतीचे दात खोडाला लावले. "शेवटचं विचारतो बरं का. कापू?"

गुईझेनने तोंड फिरवलं. सासरे वर फळांकडे बघत होते. आणि वेनचिंग फाटकात उभी, मुठीत ते पान.

आता बोल. तू असतीस तर मूठ उघडली असतीस?