बांध ओलांडणारा कळप

सुगंधाचं भात यंदाही पिवळं पडलं होतं. नत्र देणारे पाळीव जंतू तिने पुन्हा एकदा खाचरात सोडले होते, आणि मोबाइलच्या नकाशावर त्यांचा ठिपक्या-ठिपक्यांचा कळप पुन्हा बांध ओलांडून खालच्या खाचरात, थोरल्या जावेकडे जाऊन बसला होता.

"जाऊबाई, माझे जंतू तुमच्याकडेच कसे येतात हो?" बांधावरून तिने तणतणत विचारलं.

"मी कुठे बोलावते? ने की हाकलून," अनसूया तणाची बेणणी न थांबवता म्हणाली.

सुगंधाने परतीचं बटण दाबलं. ठिपके बांधापर्यंत आले, घुटमळले आणि माघारी वळले.

"कंटाळले मी यांना," ती म्हणाली. "पाणी मापात देते, तण ठेवत नाही. आणखी काय करायचं यांचं?"

अनसूयाने मूठभर चिखल उचलून दाखवला. त्यात गेल्या साली गाडलेला पेंढा कुजून काळा झाला होता.

"हे खातात ते. तुझ्याकडे काय आहे खायला?"

सुगंधाने गेल्या साली पेंढ्याची काडीन् काडी कारखान्याला विकली होती. त्याच पैशांतून हे जंतू आणले होते.