खिळ्यावरची पिशवी

पिशवीची नळी काचेच्या भांड्याला जोडायची तेवढी राहिली होती. भांड्यात पाणी आणि चिमूटभर पिवळी भुकटी. दिसायला भिंतीचा खरवडलेला रंग, पण तिच्या बारीक भोकांचा आतला पृष्ठभाग उलगडून पसरला तर एका आख्ख्या घराची जमीन झाकली जाईल. दिव्याचा उजेड पडला की कार्बन डायऑक्साइड त्या भोकांत अडकायचा आणि त्याचा जळणारा वायू व्हायचा. पाण्यातून थोडा हायड्रोजनही सुटायचा.

कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर सकाळीच संपलं होतं. नवं यायला दोन दिवस. म्हणून प्रयोगशाळेच्या बाईंनी खिळ्यावरची पिशवी काढली.

तिच्यात त्यांच्या नवऱ्याचा श्वास होता. सात महिन्यांपूर्वी तो त्यांना न्यायला आला, तेव्हा गंमत म्हणून त्यानं ती फुगवली होती. "घे, माझ्यातला टाकाऊ माल." तीनच दिवसांनी तो गेला, रस्ता ओलांडताना. पुढच्या आठवड्यात बाई कामावर हजर. रडल्या नाहीत. घरी त्याचे बूट अजून दाराशीच होते. त्या ते ओलांडून जायच्या.

मागं काका उभे होते, प्रयोगशाळेची काचेची भांडी बनवणारे. दिवसभर काच फुंकून घसा कोरडा पडतो म्हणून त्यांच्या गालात कायम पेपरमिंटची गोळी. आज राहू द्या, सिलिंडर येऊ द्या, असं ते तिसऱ्यांदा म्हणाले. वायू तो वायू, बाई म्हणाल्या. यादी वाचून दाखवावी तशा.

नळीतली हवा घालवायला त्यांनी तोटी जराशी सोडली. गालावर झुळूक आली. तिला पेपरमिंटचा वास होता.

नवऱ्याला पेपरमिंटनं शिंका यायच्या.

बाईंचा हात तोटीवरच राहिला. अशा पिशवीतून वायू आठ-पंधरा दिवसांत निसटतो, हे त्या दरवर्षी नव्या मुलांना शिकवायच्या. विसरणाऱ्यांची खरडपट्टी काढायच्या. ही पिशवी सात महिने टम्म होती.

"कधीपासून?"

काका दिव्याकडे बघत राहिले. "तुम्ही परत आलात, त्याच आठवड्यात चपटी व्हायला लागली होती, बाई. तुम्ही रोज आल्या आल्या तिच्याकडं बघता, मग कामाला लागता. म्हणून दर सोमवारी, तुम्ही यायच्या आत..."

बाईंनी तोटी बंद केली. दिवा मालवला. पिशवी पुन्हा खिळ्यावर अडकवली, तिचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"यापुढं फुंकायच्या आधी," त्या म्हणाल्या, "ती गोळी तेवढी थुंकत जा, काका."