बैलाचा साज

आर्वीत तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, देवळाच्या पटांगणात, मुलांच्या सजवलेल्या बैलांच्या स्पर्धेचे परीक्षक हरिभाऊंनी चिमुकल्या आचलचा लाकडी बैल उचलला. गळ्यात बोटभर रुंदीचा चामडी पट्टा, त्यावर मोहरीएवढे टाके. त्यांनी तो हुंगला, मऊपणा पाहायला गालालाही लावला.

"काय हात आहे कारागिराचा. असं काम आता पाहाले भेटत नाई."

आचलच्या आईचा, शालूचा, जीव टांगणीला लागला. हरिभाऊ तिचे घरमालकही होते. आडनाव दोनदा विचारून, मगच त्यांनी खोली दिली होती.

"कोणं बनवला वं बेटा हा पट्टा?"

आचलनं फाटकाबाहेर उभ्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. "त्या आबानं. स्टँडवर चपला शिवते तो."

हरिभाऊंनी बैल खाली ठेवला. रुमाल काढून एकेक बोट पुसलं, मग गालही पुसला. शालूला त्या पुसण्याचीच किळस आली.

"कोण होय हा, शालूबाई?"



"कोणी नाई जी. बैल पोचवाले आलता," शालू बोलून गेली, आणि तिच्या बापानं फाटकाबाहेरूनच मान डोलावली.