दुसऱ्या मनोऱ्यात

पितांबरनं भिंतीला खांदा लावला, पाय रोवले आणि मनोरा हलवायला सुरुवात केली. घामाघूम झाल्यावर कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, की पलीकडच्या मनोऱ्यात कोणीच नाही. फरकांड्याच्या या जुन्या झुलत्या मनोऱ्यांची सगळी गंमत तिथंच. एक हलवला की दुसरा हलतो म्हणतात. पण हलला की नाही हे सांगायला दुसऱ्यात कोणीतरी उभं असावं लागतं. भुसावळहून एसट्या बदलत आलेल्या माणसाला एवढी साधी गोष्ट सुचू नये, म्हणजे कमालच झाली.

जन्म गेला होता रेल्वेत, मालगाडीचा गार्ड म्हणून. मागच्या डब्यातून हिरवं निशाण दाखवायचं आणि पुढून ड्रायव्हरची शिट्टी यायची, या सवयीचा माणूस. बायको, कुंदा, गेल्यापासून घरात काहीही बोललं तरी कुठूनच शिट्टी येत नव्हती. त्याला ते अजून अंगवळणी पडलं नव्हतं.

लग्नाच्या नवलाईत तो तिला इथंच घेऊन आला होता. रेल्वे कॉलनीतल्या नव्या जोडप्यांची तेव्हा तशी रीतच पडली होती. नवऱ्यानं एका मनोऱ्यात चढून हलवायचं, बायकोनं दुसऱ्यात उभं राहायचं आणि हादरा कळला की तिथूनच त्याचं नाव घ्यायचं. कुंदानं घेतलं होतं, शिवारभर ऐकू जाईल असं. त्या एका हाकेवर पितांबरनं आयुष्यभर फुशारकी मारली. आणि शेवटच्या दुखण्यात, दवाखान्यातल्या खाटेवर, ती हसत म्हणाली होती, "खरं सांगू? मला तेव्हा हललेलं काही कळलंच नाही. तुम्ही हलवून हलवून दमलात, म्हणून घेतलं नाव."

ते त्याला फार लागलं. म्हणजे नाव घेतलं ते कीव करून. मग पुढचा सगळा संसारही कीव करूनच केला की काय, हा किडा डोक्यात शिरला तो निघेना. मनोरा खरंच हलत असेल, तर ती नुसती थट्टा करत होती. तेवढंच एकदा त्याच्या स्वतःच्या अंगाला कळायला हवं होतं.

तो खाली उतरला. कार्तिकाचं ऊन, गावात चिटपाखरू नाही. मनोऱ्याच्या सावलीत एक म्हातारी शेळ्या राखत बसली होती.

"आक्का, गावात कोणी नाही का?"

"बठ्ठा लोके कापूस येचाले गयात," ती म्हणाली. "काय काम शे भाऊ?"

त्यानं काम सांगितलं, एक मनोरा कोणीतरी हलवायचा आणि आपण दुसऱ्यात उभं राहून बघायचं. जोडप्यांची ती रीतही सांगितली. सांगताना त्याची त्यालाच लाज वाटत होती. म्हातारी हसली मात्र नाही.

"बाई नई उनी का संगे?"

"नाही आली."

तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढं विचारलं नाही. मग मान वर करून ती मनोऱ्याच्या टोकाकडे बघत राहिली. "मी झुंबरबाई. आठेच शेळ्या चारस," ती म्हणाली. "पन वर कधी चढनू नई. आठे जोडीनी चढतस. मना मालक कधी उनात नई संगे. आते तं त्याबी नई राह्यनात."

नवरा कधी सोबत आला नाही आणि आता तर राहिलाही नाही, एवढं सांगून तिनं पुढारी शेळी बाभळीला बांधली, पदर खोचला आणि गुडघ्यावर हात टेकत पितांबरच्या मनोऱ्याच्या पायऱ्या चढायला लागली. तो दुसऱ्यात गेला, कुंदा उभी होती त्यात. वरच्या झरोक्याशी त्यानं दोन्ही तळवे भिंतीवर ठेवले, कपाळ विटेला टेकवलं आणि डोळे मिटले.

"भाऊ, हालावस हां मी!"

पलीकडून तिच्या धापा ऐकू येत होत्या. पितांबरनं श्वास रोखून धरला. वीट गार होती. वीट गारच राहिली. तळव्याला काही कळलं नाही, कपाळाला काही कळलं नाही. म्हणजे कुंदा खरं तेच बोलली होती. आता बास करा, उतरा खाली, असं सांगायला त्यानं डोळे उघडले.

समोरच्या झरोक्यात झुंबरबाईचा चेहरा होता. पदर घसरलेला, केस कपाळाला चिकटलेले. नव्या सुनेनं पहिली भाकरी ताटात वाढून तोंडाकडे बघत राहावं, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

"हालना का?" तिनं विचारलं. "आजून जोर लावस, थांबा."

तिनं पुन्हा भिंतीला खांदा लावला. तिचे दंड थरथरत होते. पितांबरच्या तोंडून 'नाही' निघेना.

"हालला," तो म्हणाला. "चांगला हालला, आक्का."

आणि म्हणता म्हणता त्याच्या ध्यानात आलं, की मनात कीव अशी मुळीच नाही. तिला हसलेलं बघायचं होतं, एवढंच.

झुंबरबाई पोरीसारखी हसली. "मंग नाव ल्या ना आते."

जन्मभर त्यानं 'अगं'वर भागवलं होतं. घरात असो की फलाटावर, चारचौघांत बायकोला नावानं हाक मारायची त्याला लाज वाटायची. त्यानं झरोक्याची कड धरली.

"कुंदा," तो म्हणाला.

पलीकडे झुंबरबाईनं कानामागं हात धरला.

"ऐकू नई उनं भाऊ," ती म्हणाली. "जोरमा बोला."