मालनची जीप
२००२ सालच्या हंगामात, बागेतून आंब्याच्या पेट्या आणताना मालनच्या जुन्या जीपचे ब्रेक उतारावरच गेले. तिनं पहिला गियर टाकला आणि रस्त्याकडेच्या चिऱ्याच्या गडग्याला, दगडी कुंपणाला, घासत गाडी थांबवली. तिचा नवरा रघुवीर तेव्हा बोटीवरून रजेवर आला होता. बोटीच्या इंजिनखोलीत त्याचाच शब्द चाले. तो म्हणाला, "भंगारात घालूया हिला. जिवापेक्षा गाडी मोठी नाही." मालननं ब्रेकचं पेडल पायानं दाबून धरलं; ते हळूहळू खाली बसत गेलं. मग तिनं वाकून चारही चाकं पाहिली. ब्रेकचं तेल कुठंच गळत नव्हतं, तेलाची वरची डबीही भरलेली होती. "मास्टर सिलिंडरचे रबर आतून झिजलेत, तेलाचा दाब चाकांपर्यंत पोचत नाही," ती म्हणाली. रघुवीरनं स्वतः तपासलं आणि मान डोलावली. एसटीनं रत्नागिरीला जाऊन ती नवे रबर घेऊन आली, बसवले, आणि पाना घेऊन गाडीखाली शिरली. ब्रेकच्या पाइपातली हवा काढायला वर पेडलपाशी दुसरं माणूस लागतं. "अहो, दाबा. धरून ठेवा. आता सोडा." आयुष्यभर हुकूम सोडणारा रघुवीर निमूट ऐकत राहिला. हळूहळू पेडल घट्ट झालं. संध्याकाळी भर उतारावर तिनं ब्रेक मारला आणि भरल्या पेट्यांसकट जीप जागच्या जागी उभी राहिली. शेजारचे बागवाले चारुदत्तकाका फाटकातून म्हणाले, "रघुवीर, बरं झालं तू होतास. झाली एकदाची गाडी." बागेतले गडीही ऐकतील अशा आवाजात रघुवीर म्हणाला, "काम हिचं, काका. मी नुसता ही सांगेल तेव्हा पेडल दाबत होतो."